मेसाचा ड्रायव्हर स्वतः बांधताना आणि दुरुस्त करताना

लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर ही एकच एक वस्तू नसते, आणि हे ध्यानात न घेता दुरुस्तीला हात घातला तर बरीचशी मेहनत चुकीच्या थरावर खर्ची पडते. सर्वांत खाली कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, डीआरएम ही ग्राफिक्स चिप सांभाळणारी उपप्रणाली असते. इंटेलसाठी आय९१५ आणि नव्या चिपसाठी एक्सई, एएमडीसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी नूवो ही मोड्यूल तिच्यात येतात. मेमरीची वाटणी करणे, चिपला द्यायच्या कामांची रांग लावणे आणि पडद्याचे रिझोल्यूशन ठरवणे ही त्यांची कामे. त्यांच्या जोडीला फर्मवेअर असते; ते संगणक सुरू होताना चिपवर चढवले जाते आणि त्याचा स्रोत बहुधा बंदच असतो. या सगळ्याच्या वर, प्रोग्रामच्या बाजूला, मेसा असते. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ओपनजीएलच्या, म्हणजे प्रोग्रामांनी चिपकडून चित्र काढून घेण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, धर्तीवर लिहायला घेतलेला हा प्रकल्प आज ओपनजीएल, तिच्यासारखीच नवी पद्धत व्हल्कन आणि व्हिडिओ डिकोडिंग या सगळ्यांच्या मुक्त ड्रायव्हरांचे घर झाला आहे.

या लेखात मुख्यतः मेसाचाच विचार केला आहे, कारण सी भाषा बऱ्यापैकी जाणणाऱ्या माणसाला घरच्या संगणकावर, कर्नल न बदलता जी दुरुस्ती जमण्यासारखी आहे ती बहुतांशी तिथेच असते. उदाहरणासाठी इंटेलच्या जुन्या चिपांचा ‘क्रोकस’ हा ड्रायव्हर घेतला आहे. २००६ च्या जी९६५ पासून २०१३ च्या हॅसवेलपर्यंतच्या चिपा तो चालवतो. डेव्ह एअरली यांनी इंटेलच्या नव्या ‘आयरिस’ ड्रायव्हरचा पाया घेऊन तो उभा केला, २०२१ मध्ये मेसा २१.२ सोबत तो लोकांच्या हाती आला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या २२.० मधून जुना आय९६५ हा ड्रायव्हर काढून टाकण्यात आला. अशा चिपांकडे कंपनीचे फारसे लक्ष उरलेले नसते, त्यामुळे त्यांतला दोष दूर व्हायचा असेल तर वापरणाऱ्यांपैकीच कुणाला तरी तो हाती घ्यावा लागतो. क्रोकस निवडण्याचे कारण एवढेच. इतर ड्रायव्हरांची पद्धत वेगळी नाही.

लेखातील आज्ञा आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावे सर्व मोठ्या अक्षरांत लिहावी लागतील.

आधी थर ओळखावा

पहिले काम म्हणजे संगणक नेमका कोणता ड्रायव्हर वापरतो आहे ते पाहणे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा दिली की ग्राफिक्स चिपच्या नोंदीखाली कर्नलचे कोणते मोड्यूल वापरात आहे ते दिसते. त्यानंतर ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवून रेंडरर (चित्र काढणारा) या ओळीत कोणते नाव येते ते वाचावे. तिथे चिपचे नाव असेल तर मेसाचा खरा ड्रायव्हर काम करतो आहे. पण तिथे एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसले तर सगळे चित्र प्रोसेसर काढतो आहे आणि ग्राफिक्स चिप नुसती बसून आहे. ‘ड्रायव्हर फार मंद चालतो’ या स्वरूपाच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते आणि अशा वेळी मेसाचा कोड उघडण्याची काहीच गरज नसते. चिपचे फर्मवेअर असलेले पॅकेज बसवलेले नसते, वापरकर्त्याला डेव्ह-डीआरआय या फोल्डरातील रेंडर-डी१२८ ही फाइल उघडण्याची परवानगी नसते, किंवा कधी काळी इन्स्टॉल करताना पडदा काळा राहिला म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने घातलेला ‘नोमोडसेट’ हा पर्याय बूटच्या ओळीत तसाच विसरलेला असतो. शेवटचे कारण वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळा निघते. ‘डीमेसेज’च्या नोंदींत फर्मवेअर चढले नसल्याचे किंवा मोड्यूल बंद असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते, तेवढे वाचण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

रेंडरर बरोबर आहे आणि तरीही चित्र बिघडते, अशी खात्री झाली की पुढची चाचणी करावी. ‘लिबजीएल_ऑल्वेज_सॉफ्टवेअर’ या व्हेरिएबलची किंमत १ ठेवून तोच प्रोग्राम पुन्हा चालवावा, म्हणजे तो एलएलव्हीएमपाइपवर चालेल. दोष नाहीसा झाला तर तो चिपच्या ड्रायव्हरमध्ये आहे असे धरायला हरकत नाही. दोष तसाच राहिला तर संशयाची सुई प्रोग्रामकडे किंवा सर्व ड्रायव्हरांना सामायिक असलेल्या मेसाच्या भागाकडे वळते. नव्या चिपांवर आणखी एक सोय आहे: ‘मेसा_लोडर_ड्रायव्हर_ओव्हरराइड’ला ‘झिंक’ ही किंमत दिली की ओपनजीएलचे काम व्हल्कनच्या ड्रायव्हरमार्फत होते, आणि दोन अगदी वेगळ्या वाटांनी निघालेली चित्रे समोरासमोर ठेवून पाहता येतात. या सर्व चाचण्यांत ‘मेसा_शेडर_कॅश_डिसेबल’ चालू ठेवावे. मेसा एकदा तयार केलेले शेडर (चिपवर चालणारे, चित्राचे रंग-आकार ठरवणारे छोटे प्रोग्राम) घरच्या डिरेक्टरीतील कॅशमध्ये साठवून ठेवते, आणि पर्याय बदलूनही जुनेच शेडर चालत राहिले तर निष्कर्ष उलटा निघू शकतो.

पूर्ण संगणक गोठणे, झोपेतून उठवल्यावर पडदा काळा राहणे किंवा बाहेरचा मॉनिटर न ओळखला जाणे या तक्रारी प्रायः कर्नलच्या असतात. चुकीचे रंग, गायब पोत (पृष्ठांवर चिकटवलेली चित्रे), लुकलुकणारे त्रिकोण आणि एखाद्याच प्रोग्रामचे कोसळणे या मेसाच्या असतात. ही विभागणी काटेकोर नाही, कारण मेसाने चुकीची आज्ञा पाठवली तरी चिप गोठते आणि त्याची नोंद कर्नलमध्येच होते.

दोष प्रोग्रामचा निघाला तरी मेसात उपाय असू शकतो. जीएलएसएल या शेडर लिहिण्याच्या भाषेच्या नियमाप्रमाणे शेडरमधील ‘एक्स्टेन्शन’ची सूचना प्रत्यक्ष कोड सुरू होण्याआधी यावी लागते. काही खेळांच्या लेखकांनी ती मध्येच कुठेतरी टाकली, कंपन्यांच्या बंद ड्रायव्हरांनी ती चालवून घेतली, आणि नियम पाळणाऱ्या मेसावर मात्र तो खेळ सुरूच होईना. अशा प्रोग्रामांसाठी मेसाच्या सोर्समध्ये ‘युटिल’ फोल्डरात मेसा-डिफॉल्ट्स नावाची फाइल आहे. तीत प्रोग्रामचे नाव आणि त्याला द्यायची सवलत लिहिलेली असते. आपला दोष या जातीचा असेल तर दुरुस्ती म्हणजे त्या फाइलमधील एक-दोन ओळींची भर, आणि पहिले योगदान म्हणून याहून सोपे काही मिळणार नाही.

सोर्स आणि तयारी

मेसाचा सोर्स फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर आहे. ‘गिट क्लोन’ करताना अख्खा इतिहास घ्यावा. डाउनलोड वाचवण्यासाठी नुसती शेवटची आवृत्ती घेण्याचा मोह होतो, पण पुढे कोणत्या कमिटने (इतिहासात नोंदवलेल्या एकेका बदलाने) दोष आणला ते शोधायचे असेल तर तो इतिहासच कामाला येतो. बांधण्यासाठी लागणारी पॅकेजे एकेक करून जमवत बसू नये. फेडोरावर ‘डीएनएफ बिल्डडेप मेसा’ आणि डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी बिल्ड-डेप मेसा’ या आज्ञेने बहुतेक सर्व एकदम येतात. दुसऱ्या बाबतीत पॅकेजांच्या यादीत सोर्सच्या ओळी आधी चालू कराव्या लागतात. ही पॅकेजे वितरणातील मेसाच्या आवृत्तीपुरती असतात, त्यामुळे मुख्य शाखेला अधिक नवी लिबडीआरएम (डीआरएमशी बोलणारी लायब्ररी) किंवा अधिक नवे मेसॉन (बांधणीची आखणी करणारे साधन) लागले तर बांधणी सुरुवातीलाच थांबते. मेसॉन पायथॉनच्या वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने बसवावे. लिबडीआरएम मेसॉनला उपप्रकल्प म्हणून स्वतःच आणून बांधता येते. सिस्टिममधील पॅकेजे यासाठी उपटू नयेत.

मेसॉनला पर्याय देताना हात आखडता ठेवावा. काहीच न सांगितल्यास मेसा आपल्या प्रोसेसरच्या जातीला लागू पडणारे सगळे ड्रायव्हर बांधू पाहते, आणि मग ज्या चिपा आपण जन्मात पाहणार नाही त्यांच्यासाठी रस्टचा कंपायलर आणि एलएलव्हीएमची अनुवादक लायब्ररी हवी म्हणून बांधणी अडून बसते. ‘मेसॉन सेटअप बिल्ड’ या आज्ञेला गॅलियम-ड्रायव्हर्स या पर्यायात फक्त ‘क्रोकस’ आणि तुलनेसाठी ‘एलएलव्हीएमपाइप’ एवढेच द्यावे. एलएलव्हीएमपाइपला जुन्या आवृत्त्यांत ‘एसडब्ल्यूरास्ट’ म्हणत असत, हे पुढे कामी येईल. व्हल्कन-ड्रायव्हर्सचा पर्याय रिकामा ठेवावा आणि प्रीफिक्स म्हणून घरच्या डिरेक्टरीतील एखादे फोल्डर द्यावे. बिल्डटाइप या पर्यायाची मेसातील मूळची किंमत ‘डीबगऑप्टिमाइज्ड’ अशी आहे आणि शोधकामाला तीच योग्य. जीडीबी या डीबगरात एकेक ओळ पाहायची वेळ आली तर ‘डीबग’ निवडावे. वेग मोजायचा असेल तेव्हा मात्र ‘रिलीज’ घ्यावे आणि असर्ट (कोडने चालताना स्वतःच्या घेतलेल्या तपासण्या) बंद करावेत. असर्ट चालू असलेल्या बिल्डवर फ्रेम मोजून ‘नवी आवृत्ती मंदावली’ अशी तक्रार नोंदवणे म्हणजे स्वतःचा आणि इतरांचा वेळ घालवणे आहे.

त्यानंतर प्रत्यक्ष बांधणीसाठी ‘निंजा -सी बिल्ड’ चालवावे. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर निंजाला एका वेळी दोनच कामे करण्यास सांगावे, नाही तर लिंकिंगच्या वेळी मेमरी संपून कंपायलर मध्येच मारला जातो आणि दाखवला जाणारा संदेश भलतीकडेच नेतो. सीकॅश (आधी कंपाइल केलेले साठवून ठेवणारे साधन) बसवलेले असेल तर मेसॉन ते आपण होऊन वापरते, आणि दुसऱ्या खेपेपासून बांधणी कितीतरी लवकर उरकते.

बांधलेले ‘सुडो’ने सिस्टिमवर चढवू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. बहुतेक मार्गदर्शिका शेवटी ‘इन्स्टॉल’ म्हणून मोकळ्या होतात. पण डेस्कटॉपची खिडकी काढणारा प्रोग्रामही हीच लायब्ररी वापरतो, त्यामुळे अर्धवट दुरुस्ती केलेला ड्रायव्हर चढवला की लॉगिनचा पडदासुद्धा येत नाही. शिवाय पॅकेज मॅनेजरने पुढच्या अपडेटला आपली फाइल ठेवली आणि तुमची ‘लोकल’ फोल्डरातली जुनी फाइल आधी सापडत राहिली, तर महिन्याभराने उगवणाऱ्या दोषाचे मूळ कुणालाच कळत नाही. ‘मेसॉन डेव्हएन्व्ह -सी बिल्ड’ या आज्ञेपुढे प्रोग्रामचे नाव लिहिले की तेवढाच प्रोग्राम बिल्ड फोल्डरातील ड्रायव्हरवर चालतो आणि बाकी संगणक आपल्या जागी शाबूत राहतो. अशा रीतीने जीएलएक्सइन्फो चालवून आवृत्तीच्या ओळीत ‘डेव्हल’ आणि गिटच्या कमिटचा हॅश दिसतो का ते पाहावे. तो दिसल्याशिवाय पुढची एकही चाचणी ग्राह्य धरू नये.

हॅश दिसूनही प्रत्यक्ष खेळात फरक पडत नसेल तर दोन शक्यता तपासाव्यात. जुने खेळ आणि वाइनमधील (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातील) बरेच प्रोग्राम ३२-बिटचे असतात व त्यांना ३२-बिटचा ड्रायव्हर लागतो. त्यासाठी क्रॉस फाइल देऊन वेगळे बिल्ड फोल्डर करावे लागते. दुसरे म्हणजे फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधील प्रोग्राम स्वतःची मेसा सोबत आणतात आणि तुमच्या बिल्डकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

पूर्वी चालत होते, आता चालत नाही

दोष दोन प्रकारचे असतात: मुळातच कधी नीट न चाललेले, आणि पूर्वी चालून नंतर बिघडलेले. पूर्वी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल तर शोध यांत्रिक आहे आणि त्यासाठी ग्राफिक्सचे ज्ञान जवळजवळ लागत नाही. आधी दोष हमखास दाखवणारी वस्तू तयार करावी. एपीआयट्रेस या साधनाने प्रोग्रामचे ओपनजीएलचे सगळे कॉल एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, त्यांतील हव्या त्या फ्रेमपुरता भाग कापता येतो आणि तो पुन्हा चालवून त्या फ्रेमचे चित्र साठवता येते. खेळ सुरू करून तिसऱ्या दालनापर्यंत चालत जाण्यापेक्षा काही सेकंदांत तीच फ्रेम काढणारी फाइल हाताशी असणे किती मोलाचे आहे ते अनुभवानेच कळते. व्हल्कनसाठी हेच काम जीएफएक्सरीकन्स्ट्रक्ट करते.

आता ‘गिट बायसेक्ट’ ही इतिहासाचे निम्मे-निम्मे भाग करत दोषाचा कमिट शोधणारी आज्ञा वापरावी. चांगली आणि वाईट अशी दोन टोके देताना प्रकाशित आवृत्त्यांचे टॅग देऊ नयेत, कारण ते स्थिर शाखांवर असतात आणि शोध त्या शाखांत भरकटतो. प्रत्येक शाखा मुख्य प्रवाहापासून जिथे फुटते तिथे मेसात ‘ब्रँचपॉइंट’ असा टॅग लावलेला असतो, २४.१ चा ब्रँचपॉइंट चांगला आणि २४.२ चा वाईट, अशी टोके द्यावीत. मध्ये ४ हजार कमिट असले तरी प्रत्येक पायरीला निम्मे कमी होत असल्याने १२ पायऱ्यांत उत्तर मिळते.

हे हाताने करण्याऐवजी छोटी स्क्रिप्ट लिहून ‘बायसेक्ट रन’ला द्यावी. स्क्रिप्टने आधी निंजा चालवावे. बांधणीच फसली तर १२५ या कोडने बाहेर पडावे. त्याचा अर्थ गिट ‘हा कमिट तपासता येत नाही, शेजारचा घे’ असा लावते. हे महत्त्वाचे अशासाठी की इतिहासात मागे जाताना मेसॉनच्या पर्यायांची नावे बदललेली असतात, आणि एलएलव्हीएमपाइप हे नाव जुन्या कमिटला ठाऊकच नसते. बांधणी झाल्यावर स्क्रिप्टने कॅश बंद ठेवून ट्रेस चालवावा, निघालेले चित्र चांगल्या चित्राशी ताडून पाहावे, आणि जुळल्यास ०, न जुळल्यास १ द्यावा. चित्र तंतोतंत जुळण्याची अट घालू नये. एखाद्या निरुपद्रवी बदलानेही कडेच्या पिक्सेलचा रंग एका अंशाने सरकतो आणि शोध चुकीच्या कमिटवर जाऊन थांबतो, म्हणून थोडा फरक चालवून घेणारी तुलना वापरावी.

कमिट सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असे नाही. नवा कमिट पुष्कळदा निर्दोष असतो आणि त्याने फक्त वर्षानुवर्षे झाकून राहिलेली चूक उघडी पाडलेली असते. म्हणून तो उलटवून पाहावा, पण उलटवणे हीच दुरुस्ती म्हणून पाठवू नये.

चूक नेमकी कुठे आहे

कमिट सापडो वा न सापडो, मूळ कारणाशी पोहोचण्यासाठी ड्रायव्हरमधील चुकांच्या तीन जाती ओळखता यायला हव्यात: शेडर चुकीचे भाषांतरित होणे, चिपला सांगायची अवस्था (कोणता पोत, कसा रंग वगैरे) सांगायची राहून जाणे, आणि चिपच्या आतील कॅश वेळेवर रिकामी न होणे. या तिन्ही जाती वेगळ्या करण्याची साधने ड्रायव्हरांतच ठेवलेली आहेत, आणि कोड वाचण्याआधी ती वापरावीत.

अवस्थेपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. दर वेळी काही काढताना ड्रायव्हर चिपला सगळी माहिती नव्याने पाठवत नाही. जे बदलले तेवढ्यावर ‘डर्टी’ अशी खूण करून फक्त तेच पाठवतो. एखाद्या ठिकाणी खूण करायची राहिली की चिप आधीच्या वस्तूसाठी सांगितलेली अवस्था नव्या वस्तूलाही लावते, आणि मग झाडाचा पोत भिंतीवर दिसू लागतो. ‘इंटेल_डीबग’ या व्हेरिएबलला ‘रीएमिट’ ही किंमत दिली की क्रोकस प्रत्येक वेळी सगळी अवस्था पुन्हा पाठवतो. एवढ्याने चित्र सुधारले तर प्रश्न जवळपास सुटलाच. क्रोकसच्या फोल्डरातील स्टेट या फाइलमध्ये खुणांची तपासणी करावी. तेथे प्रत्येक अवस्था बदलणारे फंक्शन असते आणि त्यात कोणत्या खुणा उठवल्या आहेत ते दिसते. पुढे त्याच खुणा पाहून चिपला आज्ञांची पाकिटे पाठवणारा भाग येतो. पाठवणाऱ्या भागात एखादी किंमत वाचली जात आहे, पण ती किंमत बदलणारे फंक्शन त्या भागाची खूण उठवत नाही, अशी विसंगत जोडी शोधायची असते. अशी दुरुस्ती अनेकदा एका ओळीची निघते, आणि ती ओळ सापडायला दोन संध्याकाळी लागल्या तरी त्या वाया गेल्या असे समजू नये.

अवस्था पुन्हा पाठवूनही चित्र बिघडलेलेच राहिले, पण दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही असे होत असेल, तर कॅशवर संशय घ्यावा. चिपने एखाद्या पृष्ठावर काही काढले आणि लगेच तेच पृष्ठ पोत म्हणून वाचले, तर मधल्या वेळात लिहिणारी कॅश रिकामी करून वाचणारी कॅश बाद करावी लागते. ‘इंटेल_डीबग’ला ‘पीसी’ दिल्यास अशा प्रत्येक आज्ञेची कारणासह नोंद छापली जाते, आणि हवी तिथे ती आली की नाही ते पाहता येते. एएमडीवर याच हेतूने ‘आरएडीव्ही_डीबग’ला ‘सिंकशेडर्स’, किंवा रंगांचे कॉम्प्रेशन बंद करण्यासाठी ‘नोडीसीसी’ देतात.

शेडरची चूक बहुधा दर वेळी तशीच्या तशी दिसते. जीएलएसएल किंवा स्पिर-व्ही या रूपात आलेले शेडर मेसा आधी एनआयआर या मधल्या रूपात आणते, त्यावर ऑप्टिमायझेशनच्या अनेक फेऱ्या मारते आणि शेवटी चिपच्या भाषेत उतरवते. क्रोकसच्या बाबतीत ही शेवटची पायरी इंटेलच्या कंपायलर फोल्डरातील ‘एल्क’ या भागात होते. जुन्या चिपांचा कोड नव्यांपासून वेगळा काढून तिथे ठेवलेला आहे. ‘मेसा_शेडर_डंप_पाथ’ला एखादे फोल्डर दिले की प्रोग्रामची सगळी शेडर तिथे फाइलींच्या रूपात पडतात. तीच फाइल हाताने बदलून ‘मेसा_शेडर_रीड_पाथ’ने परत वाचायला लावता येते. संशयित शेडरचा शेवटचा रंग लाल करून टाकावा; पडद्यावरील बिघडलेला भाग लाल झाला तर शेडर सापडले. मग त्यातील एकेक ओळ कमी करत, दोष टिकवून ठेवणारे सर्वांत लहान शेडर उरेपर्यंत छाटत जावे. त्यानंतर ‘इंटेल_डीबग’ला ‘एफएस’ देऊन एनआयआर आणि मशीनचा कोड दोन्ही छापावेत. एवढ्या लहान शेडरमध्ये कोणत्या फेरीत अर्थ बदलला ते डोळ्यांनी दिसते. असर्ट चालू असलेल्या बिल्डमध्ये प्रत्येक फेरीनंतर एनआयआरची वैधता आपोआप तपासली जाते, त्यामुळे रचना मोडणारी फेरी तर स्वतःच ओरडून सांगते.

यातला एक कोपरा मुद्दाम दाखवण्याजोगा आहे. एनआयआरमधील बीजगणिती सरलीकरणाचे नियम पायथॉनच्या एका लांबलचक फाइलमध्ये आहेत. डावीकडे शोधायची राशी, उजवीकडे तिच्या जागी ठेवायची राशी, अशी जोडी असते. काही नियमांच्या आधी टिल्डचे चिन्ह असते. कोणतीही संख्या गुणिले शून्य म्हणजे शून्य, हा शाळेतला नियम फ्लोटिंग पॉइंटमध्ये पाळता येत नाही, कारण ती संख्या अनंत किंवा नॅन (संख्याच नसलेली किंमत) असेल तर गुणाकार नॅन येतो. टिल्ड म्हणजे ‘हा नियम अचूक नाही, प्रोग्रामने प्रिसाइज म्हणून मागितलेल्या राशीला तो लावू नये’ अशी सूचना. एखाद्या नियमावर ही खूण राहून गेली, तर एकाच त्रिकोणाचे स्थान दोन शेडरांत दोन किंचित वेगळ्या वाटांनी मोजले जाते, दोन पृष्ठे एकमेकांत घुसतात आणि कॅमेरा हलताना झगमगतात. त्या फाइलमधील एका चिन्हाचा बदल सगळ्याच ड्रायव्हरांवर परिणाम करतो, म्हणून तिथला पॅच पाठवताना आपल्या चिपपुरती चाचणी पुरत नाही.

चिपच गोठत असेल तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरून काम करावे, म्हणजे पडदा गेला तरी नोंदी हाती राहतात. आय९१५ गोठल्यावर चिपची त्या क्षणीची स्थिती सिस-क्लास-डीआरएम या वाटेवरील ‘कार्ड’च्या फोल्डरात ‘एरर’ नावाच्या फाइलीत ठेवतो. पुन्हा सुरू केल्यावर ती जाते, म्हणून आधी तिची प्रत काढून घ्यावी. दोष खरोखर कर्नलचा निघाला तर वाट निराळी: पॅच ईमेलने पाठवायचा, कुणाला पाठवायचा ते ‘गेट_मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते, आणि स्वतःच्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ सक्तीची असते.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवताना

दुरुस्ती झाली की पिगलिट हा चाचणीसंच आणि ओपनजीएलचे प्रमाण ठरवणाऱ्या क्रोनोस संस्थेचा चाचणीसंच बदलाआधी एकदा आणि बदलानंतर एकदा चालवावा. जुन्या चिपांवर काही चाचण्या कायमच नापास होतात, त्यामुळे एकूण नापासांचा आकडा पाहून घाबरू नये. दोन याद्यांतील फरक तेवढा पाहावा. बऱ्याच ड्रायव्हरांच्या फोल्डरात ‘सीआय’ नावाचे उपफोल्डर असते आणि त्यात ठाऊक असलेल्या अपयशांची यादी ठेवलेली असते. आपल्या बदलाने त्यातली एखादी चाचणी पास होऊ लागली तर ती ओळ काढून टाकणे हाही पॅचचाच भाग आहे.

फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर नव्या खात्याला फोर्क करण्याची (सोर्सची स्वतःची प्रत काढण्याची) परवानगी सुरुवातीला नसते. स्पॅमच्या त्रासामुळे ती मागून घ्यावी लागते, म्हणून खाते आधीच उघडून ठेवावे. कमिटच्या शीर्षकाची सुरुवात ‘क्रोकस’ आणि अपूर्णविरामाने (:) करावी. मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहावे: कोणत्या प्रोग्राममध्ये काय दिसत होते, ‘रीएमिट’ने ते का जात होते आणि कोणती खूण राहिली होती. बायसेक्टने सापडलेला कमिट खरोखर कारण असेल तर ‘फिक्सेस’ या शब्दापुढे त्याचा हॅश आणि शीर्षक द्यावे. स्थिर आवृत्त्यांत हा बदल घेणाऱ्यांची साधने ती ओळ वाचतात. दोष त्याहून जुना असेल तर ‘सीसी’पुढे मेसा-स्टेबल लिहावे. बदल अनेक कमिटांत विभागला असेल तर त्यातला प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बांधता आला पाहिजे, नाही तर पुढे बायसेक्ट करणाऱ्याच्या वाटेत तुम्हीच खड्डा खणून ठेवता. पुनरावलोकनात सुचवलेला बदल वेगळा कमिट म्हणून मागे जोडू नये. ‘रीबेस’ करून मूळ कमिटमध्येच मिसळावा, कारण मेसाचा इतिहास सरळ रेषेत ठेवला जातो.

मंजुरी मिळाल्यावर ‘मर्ज’चे बटण कुणी हाताने दाबत नाही. बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती मार्ज या बॉटकडे सोपवली जाते, तो चाचण्या चालवून कमिट मुख्य शाखेत नेतो, आणि एखाद्या चाचणी-यंत्राच्या बिघाडाने विनंती परत आली तर ती पुन्हा सोपवावी लागते. क्रोकससारख्या ड्रायव्हरला पाहणारी माणसे मोजकीच असल्याने उत्तर यायला उशीर लागतो. दहा-बारा दिवस शांतता राहिली तर विनम्र आठवण करण्यात वावगे काही नाही. स्थिर आवृत्त्या साधारण दोन आठवड्यांनी निघतात आणि वितरणांत त्या त्यांच्या त्यांच्या गतीने पोहोचतात. तोवर डेव्हएन्व्हमधून स्वतःचेच बिल्ड वापरत राहावे. पॅकेज म्हणून तीच दुरुस्ती हाती आल्यावर घरच्या फोल्डरातील बिल्ड पुसावे, आणि शोधाच्या काळात बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत घातलेली ‘इंटेल_डीबग’ आणि ‘कॅश_डिसेबल’ची ओळ काढून टाकावी, कारण ती तशीच राहिली तर दुरुस्त झालेला ड्रायव्हरही मंदच चालेल.